तारीख मोठी कशाने होते? अमेरिकन फुटबॉलचे दिनविशेष

चौथा_डाऊन (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुरू झाला की 'आजच्या दिवशी' छापाच्या याद्या सगळीकडे फिरायला लागतात. अमक्याचा जन्म, तमका सामना, इतके गुण. वाचल्या की दहा मिनिटांत विसरायच्या, कारण यादीत सगळ्या तारखा एकाच मापाच्या असतात. मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. त्या दिवशी जे घडलं त्यामुळे नियमपुस्तकात काही नवं आलं का, किंवा असलेलं खोडलं गेलं का? असेल तर तारीख मोठी. नसेल तर तो नुसता एक रंगलेला सामना.

नवख्यांसाठी एका दमात: अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान, दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न (एक प्रयत्न म्हणजे एक डाऊन), पलीकडच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाऊनचे सहा गुण, खांबांमधून लाथेने उडवला की फील्ड गोलचे तीन. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो किंवा कुणाच्या हाती देतो. एवढ्यावर धागा कळेल.

६ नोव्हेंबर १८६९. न्यू जर्सीत न्यू ब्रन्सविकला रटगर्स आणि प्रिन्स्टन भिडले, रटगर्सने ६-४ असा सामना मारला. सगळ्या याद्या इथून सुरू होतात. पण एकेका बाजूला पंचवीस पोरं, चेंडू हातात धरून पळायला मनाई, फेकायला मनाई. आजच्या खेळातलं त्यात काय होतं? माझ्या कसोटीत ही तारीख नापास.

त्यापेक्षा ७ एप्रिल १८५९ घ्या, वॉल्टर कॅम्पचा वाढदिवस. येलच्या या माणसाने १८८० साली दोन फळ्यांमधली रेघ आणली आणि पायाने चेंडू मागे देऊन डाव सुरू करायची पद्धत आणली. दोनच वर्षांनी तीन प्रयत्नांत पाच यार्ड ही अट आली. तोवर हा रग्बीचाच एक अवतार होता. हा वाढदिवस मी सगळ्या खेळाडूंच्या वर ठेवतो.

मग ९ ऑक्टोबर १९०५. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. तेव्हाचा खेळ म्हणजे माणसांचा गठ्ठा करून समोरच्या गठ्ठ्यावर आदळायचं. हेल्मेटची सक्ती नाही. पुढे पास द्यायची मुभा नाही, त्यामुळे गर्दीत घुसण्याखेरीज मार्गच नाही. त्या मोसमात पोरं मेली, अठराच्या आसपास, असे आकडे वर्तमानपत्रांनी छापले. कोलंबियाने खेळच बंद केला. १९०६ साठी नियम बदलले ते गर्दी पांगवण्यासाठी: पुढे पास देणं कायदेशीर झालं आणि पाच यार्डांची अट दहावर गेली. ५ सप्टेंबर १९०६ ला सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. तो कुणाच्या हातात न बसता जमिनीवर पडला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्यांना मिळाला. आज पास हुकला तर एक प्रयत्न जातो, तेव्हा ताबाच जायचा. म्हणून बरीच वर्षं प्रशिक्षक पासला बिचकायचे. चौथा डाऊन मिळाला १९१२ ला, त्याच वर्षी टचडाऊन सहा गुणांचा झाला. माझी आयडी तिथली.

आणि माझी सगळ्यात लाडकी तारीख, १८ डिसेंबर १९३२. शिकागोत इतकी थंडी आणि बर्फ की विजेता ठरवणारा शिकागो बेअर्स विरुद्ध पोर्ट्समथ सामना छपराखाली, शिकागो स्टेडियममध्ये घ्यावा लागला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेलेली, खाली मातीचा थर तसाच, वासासकट. मैदान बसवायला लांबी कापून ८० यार्ड केली. बाजूच्या भिंती अगदी रेघेला लागून, म्हणून प्रत्येक डाव मैदानाच्या आत सरकवून सुरू करायचा असं त्या रात्रीपुरतं ठरलं. बेअर्सचा ब्रॉन्को नागुर्स्की धावत घुसायला निघाला, थबकला आणि उडी मारून त्याने रेड ग्रेंजला पास दिला. टचडाऊन. पोर्ट्समथवाले ओरडले, कारण पास देणारा रेघेच्या पाच यार्ड मागे असला पाहिजे असा नियम होता. पंचांनी ऐकलं नाही, बेअर्स ९-० जिंकले. पुढच्याच वर्षी एनएफएलने (व्यावसायिक संघांची लीग) ती पाच यार्डांची अट काढून टाकली, डाव आत सरकवायच्या खुणा मैदानावर कायमच्या आखल्या, आणि दर वर्षी अंतिम सामना घ्यायचं ठरवलं. एका रात्रीची अडचण, तिच्यातून अर्धा आधुनिक खेळ.

आता तुमच्या तारखा येऊ द्या.

एडिसनकर

चौडा, लेख झकास, पण पहिल्याच तारखेला नापास? निषेध! तो सामना जिथे झाला त्या जागेवर पुढे रटगर्सची कॉलेज अव्हेन्यू जिम उभी राहिली. इथून गाडीने फार लांब नाही. आमच्या भागातली निम्मी मराठी पोरं रटगर्सला जातात आणि त्यातल्या कुणालाच ही तारीख माहीत नसते, म्हणून तरी तिला पास करा.

बाकी १९३२ माहीत नव्हतं. सर्कशीच्या मातीत अंतिम सामना, वा.

शंकासुर

धागा वाचून काढला. बाळबोध शंका: यात थांबतातच जास्त, खेळतात कधी? कबड्डीत चढाई करून गडी परत येईस्तोवर इथे नुसती खलबतं चालतात.

चौथा_डाऊन

@एडिसनकर, ग्रेस मार्क देऊन पास केली. रटगर्सच्या पोरांना सांगा.

@शंकासुर, थांबणं हाच खेळाचा अर्धा भाग आहे. दर डावाआधी दोन्ही बाजू समोरच्याचा अंदाज बांधून नवी मांडणी करतात. तुमची कबड्डीची उपमा फार चुकीची नाही. फक्त इथे चढाई अकरा जण मिळून करतात आणि कोण चेंडू नेणार हे शेवटपर्यंत लपवतात.

पिट्सबर्गची_सूनबाई

२३ डिसेंबर १९७२ कुणी लिहिण्याआधी मीच लिहिते, नाहीतर घरात जेवायला मिळणार नाही.

प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना, थ्री रिव्हर्स स्टेडियम. ओकलंड रेडर्स ७, पिट्सबर्ग स्टीलर्स ६. बावीस सेकंद शिल्लक, चौथा डाऊन, दहा यार्ड हवेत. टेरी ब्रॅडशॉने फ्रेंची फुकाकडे पास भिरकावला, रेडर्सचा जॅक टेटम त्याच क्षणी फुकावर आदळला, चेंडू उलटा उडाला. सगळ्यांना वाटलं संपलं. मागून धावत आलेल्या फ्रँको हॅरिसने तो बुटाच्या उंचीवर, जमिनीला लागता लागता उचलला आणि थेट एंड झोन गाठला. १३-७.

आता चौथा डाऊन काकांची कसोटी. तेव्हाचा नियम असा की आक्रमक संघातल्या एकाला लागलेला चेंडू मध्ये बचाव संघाच्या कुणाला न लागता त्याच संघातल्या दुसऱ्याने धरला तर तो पास बाद. म्हणजे चेंडू टेटमला लागला की फुकाला, यावर सगळं अवलंबून. मैदानावरच्या पंचांनाही खात्री नव्हती. मुख्य पंच फ्रेड स्वेरिंजन बेसबॉलच्या डगआउटमध्ये गेले आणि तिथल्या फोनवरून वर प्रेस बॉक्समध्ये बसलेल्या पंचप्रमुखांशी बोलले. मग बाहेर येऊन दोन्ही हात वर, म्हणजे टचडाऊन. तो नियमच १९७८ ला काढून टाकला. कसोटी पास की नाही?

आणि खरी गंमत. हा सामना पिट्सबर्गमध्ये टीव्हीवर दिसलाच नाही! घरच्या मैदानावरचा सामना त्या शहरात दाखवायचा नाही असं लीगचं धोरण होतं, तिकिटं सगळी खपली असली तरी. पुढच्या वर्षी अमेरिकन संसदेने कायदा करून ते मोडलं. माझे सासरे सांगतात की त्या दिवशी 'मी स्टेडियममध्ये होतो' म्हणणारे आज मोजले तर तीन स्टेडियमं भरतील. इथल्या विमानतळावर जॉर्ज वॉशिंग्टनच्या पुतळ्याशेजारी फ्रँकोचा पुतळा ठेवला आहे, तो चेंडू उचलतानाचा. इथल्या लोकांना त्यात काही विचित्र वाटत नाही.

फ्रँकोचा जन्म ७ मार्च १९५०. गेला डिसेंबर २०२२ मध्ये, त्या झेलाच्या पन्नाशीला जेमतेम तीन दिवस उरले असताना. २४ डिसेंबरला त्याची ३२ नंबरची जर्सी निवृत्त करायचा समारंभ ठरलेला होता, समोर रेडर्सच. समारंभ त्याच्याशिवाय झाला. स्टीलर्स १३-१० असे जिंकले, शेवटच्या मिनिटात.

वाचनमात्र

सूनबाई, सुरेख लिहिलंय. (सासऱ्यांना नमस्कार.)

पण चौडा, तुमच्या कसोटीत खेळाडूंचे वाढदिवस कुठे बसतात? जन्म घेऊन नियम कसा बदलणार?

चौथा_डाऊन

बदलतो ना. ९ डिसेंबर बघा. डीकन जोन्स जन्मला ९ डिसेंबर १९३८ ला, डिक बटकस ९ डिसेंबर १९४२ ला. क्वार्टरबॅक लोकांनी ज्यांच्या नावाने रात्री जागून काढल्या असतील असे दोन बचावपटू, एकाच तारखेचे. जोन्स रॅम्सकडे आला तो १९६१ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत चौदाव्या फेरीत, म्हणजे जवळजवळ गाळातून. समोरच्याच्या हेल्मेटवर कानाशी सणसणीत चापट मारायची आणि तो सावरेपर्यंत त्याला ओलांडून क्वार्टरबॅक गाठायचा, ही त्याची खासियत. एनएफएलने १९७७ ला ती चापटच बेकायदा केली. एका माणसाच्या तळहातासाठी नियम. वाढदिवस पास.

त्याच तारखेचे सामनेही बघा. ९ डिसेंबर १९३४, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर अंतिम सामना, मैदान गोठून काचेसारखं झालेलं. जायंट्सनी मॅनहॅटन कॉलेजमधून बास्केटबॉलचे रबरी तळाचे बूट मागवले. बूट येईपर्यंत उत्तरार्ध सुरू झालेला. तोवर पूर्ण मोसमात एकही सामना न हरलेले बेअर्स १३-३ असे पुढे होते. शेवटच्या पावात बूटवाल्यांनी २७ गुण ठोकले, ३०-१३. आणि ९ डिसेंबर २०१८ ला मायामीने सात सेकंद राहिले असताना एक पास आणि मागे दोन फेक्या करून ६९ यार्ड काढले आणि पेट्रियट्सना ३४-३३ असं हरवलं. दोन्ही सामने मजेचे, पण नियम काही बदलला नाही, म्हणून माझ्या वहीत ते बारीक अक्षरात.

गणिती_काका

९ डिसेंबर वाचून लोक लगेच योगायोगाच्या मागे लागतील म्हणून आधीच लिहितो.

खोलीत २३ माणसं असली तर त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. मैदानावर २२ खेळाडू आणि एक पंच धरा, झाले २३. एनएफएलच्या संघात ५३ खेळाडू असतात. तिथे ही शक्यता ९८ टक्क्यांच्या आसपास जाते. तेव्हा दोन दिग्गज एकाच तारखेचे निघाले यात नवल नाही. न निघते तर नवल.

घटनांचं तर त्याहून सोपं. हा खेळ सप्टेंबर ते फेब्रुवारी, तोही मुख्यतः रविवारी. शंभर वर्षांचा इतिहास वर्षातल्या मोजक्या तारखांत कोंबलेला. डिसेंबर-जानेवारीत बाद फेरी, म्हणून सगळी गर्दी तिथेच. २८ डिसेंबरच घ्या. १९५८ ला यांकी स्टेडियमवर कोल्ट्सनी जायंट्सना जादा वेळेत २३-१७ असं हरवलं. टीव्हीवर हा खेळ देशभर रुजला तो त्या सामन्याने असं मानतात. १९७५ ला त्याच तारखेला डॅलसच्या रॉजर स्टॉबाकने मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या मिनिटात ५० यार्डांचा आंधळा पास फेकला, ड्रू पिअर्सनने तो कमरेशी अडकवला, १७-१४. आणि १९७२ च्या २८ डिसेंबरला, म्हणजे सूनबाईंच्या झेलानंतर पाचच दिवसांनी, ॲडम विनाटिएरी जन्मला, ज्याच्या लाथेने पुढे पेट्रियट्सना पहिले दोन सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) मिळाले.

एक उदाहरण मात्र गणिताने उलगडूनही मला अस्वस्थ करतं. १८ नोव्हेंबर १९८५, वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन. लॉरेन्स टेलरच्या धडकेत त्याचा उजवा पाय नडगीत मोडला. कारकीर्द तिथेच संपली. १८ नोव्हेंबर २०१८, वॉशिंग्टनचाच क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ, तोही घरच्या मैदानावर, तोच उजवा पाय, तसाच मोडला. दोन्ही सामन्यांत वॉशिंग्टनचा नेहमीचा लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखणारा, दुखापतीने बाहेर. दोन्ही सामने २३-२१. दुसऱ्या वेळी थाइसमन स्वतः स्टेडियममध्ये बसलेला होता.

स्मिथच्या पायाला जंतुसंसर्ग झाला, पाय कापायची वेळ आली होती, सतरा शस्त्रक्रिया झाल्या. ११ ऑक्टोबर २०२० ला तो पुन्हा मैदानात उतरला. त्याचा वाढदिवस ७ मे, जॉनी युनिटासचा तोच. युनिटास म्हणजे वर लिहिलेल्या १९५८ च्या सामन्यातला कोल्ट्सचा क्वार्टरबॅक. हे शेवटचं मात्र निव्वळ योगायोग, माझ्या २३ माणसांच्या हिशोबातलं.

शंकासुर

काका, २३-२१ वाचून अंगावर काटा आला. तुमचं गणित राहू द्या बाजूला.

बफेलोत_बटाटेवडा

बफेलोचा उल्लेख अजून नाही म्हणजे धागा फारच आनंदी चाललाय.

२७ जानेवारी १९९१. सुपर बोल, टॅम्पा. जायंट्स २०, आमचे बिल्स १९, आठ सेकंद, स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची लाथ. चेंडू उजवीकडून बाहेर. शारजात मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारल्यावर चेतन शर्माला आपल्या लोकांनी किती वर्षं ऐकवलं? बफेलोत दुसऱ्या दिवशी चौकात हजारो लोक जमले आणि नॉरवूडच्या नावाचा गजर करून त्याला माइकपाशी बोलावलं. तो रडला. नंतर सलग तीन वर्षं आम्ही सुपर बोल हरलो, म्हणजे लागोपाठ चार. असा दुसरा संघ नाही.

कसोटीला उतरणारी आमची तारीख म्हणजे २३ जानेवारी २०२२. कॅन्सस सिटीत १३ सेकंद शिल्लक असताना आम्ही पुढे होतो. तेरा सेकंद! तेवढ्यात त्यांच्या पॅट्रिक महोम्सने दोन पास टाकून बरोबरी करवली. जादा वेळेत नाणेफेक त्यांनी जिंकली, पहिल्याच ताब्यात टचडाऊन, ४२-३६, खल्लास. नियमच तसा होता: पहिल्या ताब्यात टचडाऊन झाला की सामना संपला. आमचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन बाजूला उभा राहून बघत होता. दोन महिन्यांत लीगने बाद फेरीसाठी नियम बदलला, दोन्ही संघांना एकेक ताबा मिळालाच पाहिजे.

आता ऐका. त्या नव्या नियमाखाली पहिला सामना झाला ११ फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल. फोर्टीनाइनर्सनी नाणेफेक जिंकून चेंडू आधी घेतला. नंतर त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं की नवा नियम आपल्याला माहीतच नव्हता. त्यांना फील्ड गोल मिळाला, मग महोम्सने शांतपणे टचडाऊन केला, २५-२२. जुना नियम होता तेव्हा त्याने आम्हाला मारलं, आमच्यासाठी बदलला तर तोही त्यालाच धार्जिणा.

एडिसनकर

वडा, तुमच्यासाठी एक वाईट बातमी. महोम्सचा वाढदिवस १७ सप्टेंबर १९९५. एनएफएल जन्मली त्याच तारखेला, १७ सप्टेंबर १९२०, ओहायोतल्या कॅंटन गावात राल्फ हेच्या हपमोबाइल गाड्यांच्या शोरूममध्ये. खुर्च्या पुरेनात म्हणून मंडळी गाड्यांच्या फुटबोर्डावर बसली. संघामागे १०० डॉलर वर्गणी ठरली, भरली कुणीच नाही. अध्यक्ष केलं ऑलिंपिकवीर जिम थॉर्पला, नाव मोठं म्हणून. नॅशनल फुटबॉल लीग हे नाव आलं १९२२ ला.

आपल्याकडे १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. गणिती काका, तुम्ही काही म्हणायच्या आत मीच म्हणतो, २३ माणसं.

चौथा_डाऊन

१७ सप्टेंबरला आणखी एक पाहुणा आहे, जॉर्ज ब्लँडा, जन्म १९२७. क्वार्टरबॅकही आणि लाथ मारणाराही. तब्बल २६ मोसम खेळला, थांबला तेव्हा वय ४८. १९७० मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने ओकलंडला पाच आठवडे लागोपाठ अखेरच्या क्षणी वाचवलं, कधी पासने तर कधी लाथेने. ८ नोव्हेंबर १९७० ला क्लीव्हलंडविरुद्ध शेवटच्या सेकंदांत ५२ यार्डांवरून मारलेली लाथ त्यातली सगळ्यात लांब.

पण त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सला टॉम डेम्प्सीने ६३ यार्डांवरून मारली. जन्मतः उजव्या पायाला बोटं नसलेला माणूस. त्याच पायात सपाट तोंडाचा खास बूट घालून त्याने शेवटच्या लाथेवर डेट्रॉइटला १९-१७ असं हरवलं. आधीचा विक्रम ५६ यार्डांचा होता. एका झटक्यात सात यार्डांची भर! तो विक्रम २०१३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही, मग डेन्व्हरच्या मॅट प्रेटरने ६४ केला. बुटाचा फायदा मिळतो अशी कुजबुज राहिलीच, आणि १९७७ ला नियम आला की लाथेचा बूट नेहमीच्या बुटाच्याच आकाराचा हवा. मला तो नियम कद्रूपणाचा वाटतो. बोटं नसणं हा फायदा आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने पाय घेऊन बघावा. तारीख मात्र कसोटीला उतरली.

पुणेरी_टचडाऊन

वाचतोय, छान चाललंय. अवांतर: या खेळाचा प्रयोग आपल्याकडेही झाला होता हे किती जणांना आठवतं? २०१२ ची एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते, पैसे घालणाऱ्यांत माइक डिटका आणि कर्ट वॉर्नर हे एनएफएलचे जुने खेळाडू. पहिला मोसम खेळवला मात्र कोलंबोत. ब्रँडन चिलर हा भारतीय वंशाचा लाइनबॅकर (बचावपटू) त्या लीगशी जोडलेला होता. तो ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेला, जन्म २१ ऑक्टोबर १९८२. कसोटी वगैरे राहू द्या, मला ही तारीख यादीत हवी.

चौथा_डाऊन

घेतली. नियम मोडून घेतली.

बफेलोत_बटाटेवडा

मलाही एक तारीख नियमाबाहेर हवी. २ जानेवारी २०२३, सिनसिनाटी. आमचा डमार हॅमलिन एका साध्या टॅकलनंतर (समोरच्याला धरून पाडल्यावर) उठला, उभा राहिला आणि मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं. संघाच्या सहायक ट्रेनरने मैदानावरच छाती दाबायला घेतली, आणि वाचला तो त्यामुळे. सामना तिथेच थांबला आणि पुन्हा खेळवलाच नाही. सहाच दिवसांनी, ८ जानेवारीला, पेट्रियट्सविरुद्ध सामन्याचा पहिलाच चेंडू नाइहिम हाइन्सने ९६ यार्ड पळवत नेऊन टचडाऊन केला. आमच्या गल्लीतले लोक बर्फात बाहेर येऊन ओरडत होते. हॅमलिन पुढच्या मोसमात परत खेळला. वाढदिवस २४ मार्च, क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा तोच.

वाचनमात्र

ही तारीख कुठल्याच कसोटीला लावू नका. +१.

रुपेरी_काळा

उशिरा आलो. मी रेडर्सवाला आहे, त्यामुळे वरचे सगळे प्रतिसाद वाचताना एक गोष्ट सलते आहे जी कुणीच लिहिली नाही. चौडांच्या कसोटीला उतरणाऱ्या तारखांत एकच संघ पुन्हा पुन्हा दिसतो. आमचा.

१७ नोव्हेंबर १९६८. न्यूयॉर्क जेट्स ३२, रेडर्स २९, एक मिनिट पाच सेकंद बाकी. घड्याळात संध्याकाळचे सात वाजले आणि एनबीसीने देशाच्या पूर्व भागात सामना तोडून लहान मुलांचा 'हायडी' सिनेमा लावला. तेवढ्या वेळात आम्ही दोन टचडाऊन केले, ४३-३२. एनबीसीचा टेलिफोन एक्सचेंज कोलमडला. तेव्हापासून सामना संपेपर्यंत प्रक्षेपण तोडायचं नाही ही रीत पडली.

१९७२ सूनबाईंनी लिहिलंच आहे. आमच्याकडे अजून कुणी तो झेल मानत नाही.

१० सप्टेंबर १९७८, सॅन डिएगो. दहा सेकंद उरलेली, केन स्टेबलरला पकडलं, त्याने चेंडू पुढे 'सांडला'. पीट बॅनझॅकने आणखी पुढे ढकलला, डेव्ह कॅस्परने पायाने लोटत एंड झोनमध्ये नेऊन त्यावर अंग टाकलं. २१-२०. मुद्दाम सांडला का? अर्थात मुद्दाम. पुढच्या वर्षी नियम आला: शेवटच्या दोन मिनिटांत किंवा चौथ्या डाऊनला आक्रमक संघाने सांडलेला चेंडू त्यांच्यापैकी पुढे नेऊ शकतो तो फक्त सांडणाराच.

आणि १९ जानेवारी २००२, बर्फाच्या वादळात फॉक्सबरो. आमच्या चार्ल्स वुडसनने पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीवर झडप घातली, चेंडू सुटला, आम्ही धरला, सामना जिंकलो. मग पंचांनी व्हिडिओ पाहून सांगितलं की ब्रेडीचा हात पास देताना पुढे येत होता आणि चेंडू परत छातीशी घेताना सुटला, म्हणून तो सांडलेला नाही, हुकलेला पास. 'टक' नियम. कुणाला माहीत होता तो? मग काकांच्या त्या २८ डिसेंबरवाल्या विनाटिएरीने बर्फातून ४५ यार्डांची लाथ मारून बरोबरी केली, जादा वेळेत दुसरी मारून १६-१३. ब्रेडीच्या सात सुपर बोलांतला पहिला त्याच मोसमातला. ३ ऑगस्टला त्याचा वाढदिवस येतो तेव्हा आम्ही केक कापत नाही.

चौडा, तुमच्या नियमपुस्तकाचे लेखक आम्ही आहोत, आणि मानधन दर वेळी दुसऱ्याने नेलं.

चौथा_डाऊन

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'दर वेळी' मात्र मान्य नाही, ६८ आणि ७८ मध्ये मानधन तुम्हीच उचललंत. पण धाग्याचं शीर्षक बदलून 'रेडर्सचे दिनविशेष' ठेवावं लागेल असं दिसतंय.

टक नियम २०१३ च्या मार्चमध्ये संघमालकांनी रद्द केला. मतदान २९ विरुद्ध १, पेट्रियट्स आणि वॉशिंग्टन तटस्थ. तो एक विरोधी कोण, ओळखा.

रुपेरी_काळा

सांगू नका. पिट्सबर्ग.

पिट्सबर्गची_सूनबाई

हो आम्हीच! सासऱ्यांना आत्ता विचारलं. म्हणाले, "रेडर्सना जे नको ते आम्हाला हवं, यात मतदान कसलं?"